वाचकांचे प्रश्न: ‘गेलो ते चुकलंच का?’

प्रश्न: ताई नमस्कार. मी दहा वर्षांचा असताना वडिलांची बदली झाली आणि आम्ही गाव सोडलं, त्यानंतर थेट ३१ वर्षांनी आत्ता गेलो, एकटाच, कुणाला न सांगता. इतकी वर्षं मनात घोळवलेलं की चौकात उतरायचं आणि शाळेवरून चालत घरापर्यंत जायचं. प्रत्यक्षात तो लांबलचक रस्ता चार मिनिटांत संपला, शाळेचं मैदान तर अंगणाएवढं. आम्ही भाड्याने राहायचो त्या घरात आता दुसरे लोक आहेत, त्यांनी खिडकीतून ‘कोण पाहिजे’ विचारलं तर मला बोलताच येईना, ‘काही नाही’ म्हणून मागे फिरलो. अर्ध्या तासात सगळं संपलं. खरा त्रास पुढेच आहे, आता जुनं घर आठवायला गेलो की तो नवीन रंगच डोळ्यासमोर येतो. होतं तेही घालवून बसलो का? आणि आई ७० ची आहे, ती म्हणते मलाही ने. नेऊ का?

उत्तर: तुमचं ते ‘काही नाही’ वाचून मलाच गलबलून आलं. ३१ वर्षं साठवलेलं आणि समोरच्याला सांगायला एक वाक्य सापडू नये, असं होतं खरंच.

आधी लहान दिसण्याचं सांगते. सात वर्षांचं मूल साधारण १२० सेंटीमीटर उंच असतं, भिंती, फाटक, झाडं सगळं ते खालून वर बघतं, आणि मैदान तुम्ही ज्या पावलांनी मोजलंत ती पावलं छोटी होती. तेव्हा ते मैदान तुमच्यासाठी मोठंच होतं हो, तुमची आठवण खरी आहे.

आता पुसलं जाण्याची भीती. ती अगदीच उगाच नाहीये. करीम नाडर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की भीतीची पक्की झालेली आठवणसुद्धा जागी केली की काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा नव्याने साठवावी लागते. उंदराची भीती आणि माणसाचं गाव एक नाही हे मान्य, पण आठवताना आठवणीत नवं मिसळतं हे आपणही अनुभवतोच. तुमच्या बाबतीत मला वाटतं नवा रंग पुढे येतोय कारण तो ताजा आहे, जुनं त्याच्यामागे असणार. म्हणून एक काम लगेच करा, आजच करा. वही घ्या आणि जुनं घर दारापासून आत चालत गेल्यासारखं लिहून काढा, उंबरा केवढा होता, ऊन कुठून यायचं, कोण कुठे झोपायचं, कुठली फरशी हलायची, जे येईल ते, क्रम वगैरे काही बघू नका. आणि त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढले असतील तर ते थोडे दिवस उघडूच नका.

चुकलं म्हणाल तर एवढंच की लवकर निघालात. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मधे पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवर प्रयोग केला होता, काही शब्द पाण्याखाली पाठ करायचे, काही किनाऱ्यावर, तर जे जिथे पाठ केलं ते तिथेच जास्त आठवलं. जागा आठवणी उघडते, पण तिला वेळ द्यावा लागतो, आणि तुम्ही तो अर्धा तास घर शोधण्यात आणि तुलना करण्यात घालवलात.

आईला न्या. फक्त एक लक्षात घ्या, गाव सोडलं तेव्हा त्या ३९ च्या होत्या, त्यांची उंची तेव्हाही साधारण हीच होती, त्यामुळे त्यांना मैदान लहान दिसणार नाही, त्यांना माणसं दिसणार नाहीत. तुमचं गाव म्हणजे रस्ते आणि खेळायच्या जागा, त्यांचं गाव म्हणजे शेजारणी. कोण आहे, कोण गेलं, कोण मुलांकडे राहायला गेलं, हे आधी फोनाफोनी करून शोधा आणि निघण्यापूर्वी आईला शांतपणे सांगा. एखाद्या दारात उभं असताना ते कळलं तर या वयात फार लागतं. कुठे जायचं ते त्यांना ठरवू द्या, कदाचित त्या घराकडे बघायचंही नाही म्हणतील. आणि घरापाशी गेलातच तर यावेळी खिडकीतल्या माणसाला सांगा, आम्ही इथे राहायचो. बहुतेक लोक आत बोलावतात, नाही बोलावलं तरी आईसमोर ते वाक्य एकदा बोललं जाईल.

प्रश्न: लहानपणीच्या शाळेत गेले, बघून काहीच वाटलं नाही, पण जिन्यात एक वास आला आणि रडूच फुटलं. हे नॉर्मल आहे का?

उत्तर: एकदम नॉर्मल. दिसलेलं आणि ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जातं, वास मात्र तो टप्पा न घेता भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांपर्यंत पोचतो. त्यामुळे कसला वास आहे हे कळायच्या आधीच डोळे भरून येतात. पुन्हा गेलात तर त्या जिन्यात जरा बसा, घाई करू नका.