‘मला नळ्या लावू नका’ या वाक्याच्या पुढचे बोलणे

ताई, आपल्या प्रश्नाचा सारांश मी असा समजतो : ठाण्यात नौपाड्याला आपल्याकडे राहणारे सासरे 82 वर्षांचे आहेत, हृदयाचे पंपिंग कमी झाल्याने यंदा त्यांना दोनदा दाखल करावे लागले, दीर बेंगळुरूला आणि नणंद दुबईला असतात, आणि पुढच्या उपचारांविषयी विचारले तर ‘ही मंडळी माझ्या जाण्याची वाट पाहत आहेत’ असे सासऱ्यांना वाटेल, ही आपली भीती आहे. विषय कसा काढावा, असे आपण विचारले आहे.

विषय त्यांनी स्वतःच काढलेला आहे. गणपतीत ते ‘मला नळ्या लावू नका’ म्हणाले आणि आपल्या यजमानांनी ‘अभद्र बोलू नका, शंभरी गाठाल’ म्हणून बोलणे तोडले, असे आपणच लिहिले आहे. बहुतेक घरांत हेच होते. सोसायटीतील कुणी महिनाभर आयसीयूत राहून गेल्याचे कळले, की म्हातारी माणसे असे एखादे वाक्य टाकून पाहतात आणि आपण प्रेमापोटी ते परतवून लावतो. म्हणून यजमानांनी (सुनेपेक्षा मुलाने बोललेले बरे, असे माझे मत आहे) एखाद्या निवांत दुपारी एवढेच म्हणावे, ‘अण्णा, तुम्ही त्या दिवशी नळ्यांचे म्हणालात, ते राहूनच गेले, नक्की काय मनात होते?’ रुग्णालयातील खाटेपाशी मात्र हे बोलणे काढू नये.

यानंतर खरे काम सुरू होते, कारण ‘नळ्या नकोत’ या शब्दांवर कोणत्याही डॉक्टरला निर्णय घेता येत नाही. हृदयाच्या रुग्णाला दम लागला की रात्रभर मास्कने श्वासाला आधार देतात आणि लघवीचे औषध देऊन फुप्फुसांत साचलेले पाणी उतरवतात. त्यातून माणूस बरेचदा चालत घरी येतो. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लागणे आणि सुधारणेची आशा संपल्यावर गळ्याला छिद्र पाडून महिनोन्‌महिने त्यावर ठेवणे, यांतही फार अंतर आहे. नाकातून अन्न देणे, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबणे, या प्रत्येक गोष्टीविषयी उत्तर वेगळे येऊ शकते. चरईत राहणाऱ्या माझ्या मावशीनेही ‘नळ्या नकोत’ असेच म्हटले होते. खोदून विचारल्यावर कळले, की तिच्या शेजारणीचे हात, तिने नळी ओढू नये म्हणून, खाटेला बांधले होते, आणि मावशीला धास्ती त्याची होती; थोड्या दिवसांच्या व्हेंटिलेटरला तिची हरकत नव्हती. आणखी एक गोष्ट तिने आग्रहाने लिहून घेतली : आयसीयूत नेताना कानाचे यंत्र आणि चष्मा काढून नातेवाइकांच्या हाती देतात, ते शुद्धीवर येताच परत लावावेत, नाहीतर डॉक्टर काय विचारतात ते तिला कळणारच नाही. अशी मागणी छापील नमुन्यात सापडत नाही. म्हणून अण्णांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहावे आणि त्यांना वाचून दाखवावे. औषधे कोणती चालू आहेत हे माहीत असलेल्या फॅमिली डॉक्टरांना एकदा यात बसवले, तर यजमानांवरचा भारही हलका होईल.

आता कागदाविषयी. पुढे स्वतःला बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी त्याला मान्यता दिली. पण तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावे लागत असे आणि त्यामुळे फारसे कुणी त्या वाटेला गेले नाही. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. स्वतःला निर्णय घेता येणार नाही तेव्हा कोणी बोलावे, यासाठी एकाहून अधिक नावे देता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यायची असते. ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करून तिची पोच घ्यावी.

सही केली की रुग्णालय हात वर करील, ही अण्णांची भीती असेल तर त्यांना स्पष्ट सांगावे : ते स्वतः बोलू शकतात तोवर त्यांचाच शब्द चालतो आणि कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. तो लागू होतो तो आजार बरा होण्याची आशा नसताना, आणि तेव्हाही आधी रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरे स्वतंत्र मंडळ असा दोन पातळ्यांवर निर्णय होतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. मुलाच्या एकट्याच्या सांगण्यावरून यंत्र बंद होत नाही.

हे काहीच ठरलेले नसले, की अनेक कुटुंबे शेवटी ‘डामा’ घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी नेतात. घरी नेण्यात गैर काही नाही. पण त्या घाईत वेदना आणि धाप कमी करणाऱ्या औषधांची सोय कुणी केलेली नसते आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन करावा हे कळत नाही. त्यासाठी आपल्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारे, डॉक्टर आहेत का, हे आताच विचारून ठेवावे. ही सेवा कर्करोगाच्या रुग्णांपुरतीच असते, हा गैरसमज आहे.

दूरच्या भावंडांचे मला अण्णांपेक्षा अधिक अवघड वाटते. वर्षभर रोज औषधे देणारी सून एका बाजूला आणि विमानातून उतरताच ‘सगळे प्रयत्न करा’ म्हणणारी लेक दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग आयसीयूच्या दारात आला, तर डॉक्टर साहजिकच उपचार वाढवत नेतात. म्हणून अण्णांचे बोलणे व्हिडिओ कॉलवर दोघांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे. आपण निरोप्या होऊ नये. खर्चाचे बोलणे त्याच बैठकीत आणू नये, ते भावंडांनी वेगळे करावे.

आणि अण्णा तपशिलात शिरायला तयारच नसतील, तर एकच प्रश्न विचारावा : ‘तुम्हाला बोलता आले नाही, तर डॉक्टरांनी आमच्यापैकी कुणाचे ऐकावे?’ ते जे नाव घेतील, ते दीर आणि नणंदेला त्याच दिवशी कळवावे.