गॅस ओव्हन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुकिंग रेंजमधला ओव्हन पेटतो, पण बटण सोडलं की लगेच विझतो. वरचे बर्नर मात्र छान चालतात. (मडगाव)

उत्तर : वरचे बर्नर चालताहेत म्हणजे गॅस नीट येतोय. संशय थर्मोकपलवर घ्या. ओव्हनच्या बर्नरला लागून धातूची बारीक सळई असते, तेच हे. ज्योतीने ती तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या जोरावर चुंबकी झडप उघडी राहते. सळई गार पडली की झडप बंद. म्हणून पेटवल्यावर बटण १०-१५ सेकंद दाबून धरावंच लागतं. १५ सेकंदांत पेटलाच नाही, तर बटण बंद करा, दार उघडा आणि किमान एक मिनिट थांबा. आत साठलेला गॅस एकदम भडकून चेहरा, हात भाजतात.

तरीही विझत असेल, तर रेग्युलेटर बंद करून ओव्हन पूर्ण गार होऊ द्या आणि तळाचा पत्रा काढा. सळईचं टोक ज्योतीत येईल अशा जागी आहे ना? त्यावर काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. दुसरं टोक झडपेला नटने जोडलेलं असतं. तो ढिला असला तर एवढीशी वीज पोचत नाही. हाताने आवळा, मग पान्याने फार तर पाव फेरा. फरक पडला नाही, तर तेवढ्याच लांबीचं नवं थर्मोकपल बसवून घ्या. त्यानेही भागलं नाही, तर दोष चुंबकात किंवा झडपेत आहे, ते काम मेकॅनिकचं. झडप कायमची उघडी ठेवण्याचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका. मग ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो.

प्रश्न : सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला. तेव्हापासून ओव्हन नीट तापत नाही आणि मंद केला की विझतो. (पुणे)

उत्तर : बहुधा शेगडीचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदलले आणि ओव्हनचा राहून गेला. तेवढ्याच आकारमानाच्या पाइप गॅसमधून एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता मिळते, म्हणून त्याला मोठ्या भोकाचा जेट लागतो. सुई घालून जुनं भोक मोठं करू नका. ते वेडंवाकडं होतं आणि ज्योत पिवळी पडून काजळी धरते. जेटबरोबर मंद आचेचा स्क्रूही जुळवून घ्यावा लागतो. तुमचा ओव्हन विझतो तो त्यामुळेच. गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि जाण्याआधी त्याला ओव्हन सगळ्यात मंद करून, दार दोनदा उघड-बंद करून दाखवायला सांगा.

प्रश्न : केक खालून करपतो, वरून कच्चा राहतो. (नाशिक)

उत्तर : अशा ओव्हनमध्ये आच खालून येते. जाळी मधल्या किंवा त्यावरच्या खाचेत लावा. भांड्याच्या चारही बाजूंना ४-५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर गरम हवा वर पोचत नाही. तळाला फॉइल अंथरत असाल तर काढून टाका, तिने हवेची भोकं बुजतात. काळं भांडं असेल तर तापमान १०-१५ अंशांनी कमी ठेवा.

बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. साधा ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून, बटण १८० वर लावून, २० मिनिटांनी वाचा. दरवेळी २०-२५ अंशांचा सारखाच फरक येत असेल तर तेवढा हिशोबात धरा. आकडा दरवेळी वेगळा येत असेल, तर आतल्या भिंतीवरची तांब्याची बारीक नळी क्लिपमधून सुटली आहे का ते पाहा. थर्मोस्टॅटला, म्हणजे आच कमी-जास्त करून तापमान राखणाऱ्या भागाला, तापमान तीच कळवते.