एक चौकोन कोरा ठेव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वेळापत्रकाचा फोटो काल रात्री मोठा करून नीट पाहिला. पट्टीने आखलेले चौकोन, पाच रंगांची पेनं. पहाटे पाचला योगासनं, साडेपाचला जेएआयआयबी, म्हणजे बँकवाल्यांच्या परीक्षेचा अभ्यास, संध्याकाळी सातला इंग्रजी, साडेनऊला परत जेएआयआयबी. सोमवार ते रविवार एकही चौकोन कोरा नाही. तुझी जिद्द पाहून बरं वाटलं आणि काळजीही वाटली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सातला इंग्रजी लिहिलं आहेस. फोर्टातल्या बँकेतून सहाला निघालीस तरी सातला तू मुलुंडच्या आसपास गर्दीत उभी असशील. तुझ्या कागदावर प्रवासच नाही गं! डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करायची तर आधी गाडी मांडायची, मग बाकीचं.

चल, हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. रोजची झोप ७ तास, कॅश जुळेपर्यंत धरून बँक ९ तास, दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन साडेतीन तास, आंघोळ-जेवण-आवराआवर २ तास. कामाच्या दिवशी उरतात अडीच तास. त्यातच स्वयंपाक, भांडी आणि आईचा फोन. सुट्टीच्या दिवशी १५ तास उरतात.

आणि तुझे आठवडे दोन तऱ्हेचे आहेत, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीचे शनिवार कामाचे. म्हणजे सुट्टीच्या शनिवारच्या आठवड्यात तुझ्या हातात साडेबेचाळीस तास, कामाच्या शनिवारच्या आठवड्यात फक्त ३०. दोन्हींना एकच वेळापत्रक लावलंस तर एका आड एका आठवड्यात ते कोलमडणार, आणि तू दोष स्वतःला देणार. म्हणून दोन वेगळे कागद कर. महिन्याचा पहिला आठवडा पेन्शनवाल्यांच्या गर्दीचा, त्यात नवीन धडा सुरू करू नकोस, झालेलं उजळव. मार्चअखेर तर अभ्यासातून वगळूनच टाक.

मी २००६ साली हीच परीक्षा दिली, तेव्हा तीन पेपर होते. गाडीत रोज दोन तास मिळतात म्हणून सगळा अभ्यास गाडीतच करायचा, असं ठरवलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की ठाण्यापर्यंत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने पान उलटत नाही. तरी हट्टाने पुस्तक नेत राहिले. गाडीत वाचून झालं नाही आणि घरी वेळ राखून ठेवला नव्हता. अकाउंट्सचा पेपर गेला. निकालाच्या दिवशी महिला डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून रडले होते. शेजारी मेथी निवडत बसलेल्या बाईंनी जुडी बाजूला ठेवली, सरकून मला नीट बसायला जागा दिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून डोंबिवलीहून सुटणारी स्लो धर."

ते मी ऐकलं. स्लोला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण सुटण्याआधी फलाटावर पोचलं तर बसायला मिळतं. बसून मिळालेला तास खरा. त्यात मी मोठा धडा कधी घेतला नाही, आदल्या दिवशी सोडवलेली उदाहरणं फक्त डोळ्यांखालून घालायचे. येताना मात्र काहीच वाचायचे नाही. दिवसभर काउंटरवर माणसांशी बोलून डोकं भरलेलं असतं, त्या वेळी मी गवार निवडायचे किंवा डोळे मिटायचे. तूही परतीचा प्रवास अभ्यासात धरू नकोस.

तुला आता चार पेपर आहेत. कामाच्या पाच दिवसांत चारही विषय फिरवत बसू नकोस. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी एकेक तास, एकच विषय. बाकी अभ्यास सुट्टीच्या सकाळी, जेवणाच्या आधी. पहाटे पाच लिहिलं आहेस, ते साडेअकराला झोपणाऱ्या माणसाला झेपत नाही. आधी झोपेची वेळ अलीकडे आण, मगच गजर बदल.

रविवारी मेगाब्लॉक असतो. माटुंगा-मुलुंडमध्ये साधारण अकरा ते चार गाड्या वळवतात, रखडतात. मैत्रिणींना भेटायला दादरला जायचंच असेल तर दहाच्या आत पोच, नाहीतर त्यांना इकडे फडके रोडला बोलाव. आठवड्याची भाजी, इस्त्री, डब्याची तयारी हे सगळं रविवारी संध्याकाळवर ढकलू नकोस. माझे कितीतरी रविवार कपड्यांच्या ढिगाशेजारी गेले आणि सोमवारी मी दमलेलीच गाडीत चढले. इस्त्री शनिवारी टाकून ये, पैसे जातात तर जाऊ देत. कणीक रोजची रोज भिजव, पण खोबरं-लसणाचं वाटण दोन दिवसांचं करून ठेव.

आता कोऱ्या चौकोनाचं. गुरुवारची संध्याकाळ कोरी ठेव. मुगाची खिचडी टाक, पापड भाज, आणि आईला फोन कर. घाईत "जेवले, झोपते" असा नको, ती शेतातलं, शेजारचं सांगत असते ते ऐकण्याइतका निवांत. आठवड्यात कुठे तरी काहीतरी बिघडतंच, गाडी रखडते, कॅश जुळत नाही, ताप येतो. राहिलेलं काम गुरुवारी बसतं. काही राहिलं नाही, तर ती संध्याकाळ पूर्ण तुझी. मी ही सोय करायला लागले आणि पुढच्याच वेळी अकाउंट्स सुटला.

पुढच्या आठवड्याचा कागद शुक्रवारी रात्री भर. रविवारी रात्री भरायला बसलीस तर सोमवारची धास्ती पेनात उतरते. पेन्सिलीने लिही, रंग नकोत.

या गुरुवारी माझ्याकडेच ये. खिचडी मी टाकते. दोन कोरे कागद आणि बँकेचं सुट्ट्यांचं कॅलेंडर तेवढं घेऊन ये, आणि स्टेशनवरून रिक्षा कर, चालत येऊ नकोस.

तुझी,
मावशी