कतारविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात कतारला दिलेला तो गोल चुकीचा होता हे सगळ्यांनी पाहिलं, तरी सामना पुन्हा का खेळवला नाही? मग निषेध अर्जाचा उपयोग काय?

चेंडू बाहेर गेला होता. यावर मला कुणाशीही वाद घालायचा नाही. ११ जून २०२४, दोहा, वर्ल्ड कपची पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. आपल्या छांगतेच्या ३७व्या मिनिटाच्या गोलमुळं आपण १-० पुढं होतो आणि जिंकलो असतो तर तिसरी फेरी पक्की होती. ७३व्या मिनिटाला फ्री किकवर कतारच्या युसूफ आयमननं हेडर मारला, आपला गोलकीपर गुरप्रीतनं तो अडवला, चेंडू त्याच्याजवळून खांबाच्या बाजूनं गोललाइनबाहेर गेला. कतारच्या खेळाडूनं पायानं तो आत ओढला आणि आयमननं जाळीत मारला. आपली पोरं कॉर्नर समजून थांबली होती. रेफ्रीनं गोल दिला. ८५व्या मिनिटाला कतारचा दुसरा गोल बसला आणि विषय संपला.

कोल्हापुरात आजही हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, दोष आपल्याच पोरांचा.’ चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला हे वाक्य चांगलं आहे. पण खेळणाऱ्यानं थांबू नये ही झाली सवय, आणि बाहेर गेलेल्या चेंडूवर गोल देऊ नये हा झाला नियम. सवय चुकली म्हणून नियम मोडल्याचं पाप गुरप्रीतच्या माथी मारता येत नाही.

आता ‘बाहेर’ म्हणजे काय, ते नीट बघा. गॅलरीतली निम्मी भांडणं इथंच होतात. रेषा मैदानाचाच भाग असते. जमिनीवर असो वा हवेत, अख्खा चेंडू रेषेच्या बाहेरच्या कडेपलीकडं जायला हवा. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. तो जमिनीला टेकतो ते टोक कडेच्या १० सेंटिमीटर बाहेर असलं तरी त्याचा फुगवटा रेषेवर असतो आणि चेंडू आतच धरायचा. बाजूनं बघणाऱ्याला मधे हिरवळ दिसते आणि अख्खा स्टँड बोंबलतो. २०२२च्या वर्ल्ड कपमध्ये जपाननं स्पेनला मारलेला दुसरा गोल असाच होता. जपानच्या मितोमानं मागं ओढलेला चेंडू फोटोत बाहेर दिसत होता, वरून पाहिल्यावर केसभर आत निघाला. दोहातला चेंडू त्या जातीचा नव्हता, तो चांगलाच बाहेर होता.

मग दिसला कसा नाही? फ्री किक मारताना लाइन्समन, म्हणजे बाजूच्या रेषेवरचा झेंडेवाला पंच, गोललाइनवर नसतो. तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत उभा असतो, कारण ऑफसाइड बघायचा असतो. हेडर झाला की त्याला गोललाइन गाठायला पळावं लागतं. ६८ मीटर रुंद मैदानात लांबचा खांब त्याच्यापासून जवळजवळ ३८ मीटरवर. मधे दोन खांब, आडवा पडलेला गोलकीपर आणि पायांचं जंगल. खात्री नसेल तर झेंडा वर करायचा नाही, हीच त्याची शिकवण. रेफ्री तर समोरून बघतो, त्याला खोली कळत नाही. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला सांगणारा पंच, असता तर गोलआधी चेंडू बाहेर गेला का, हे तपासणं त्याचं ठरलेलंच काम होतं. पण आशियाई पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआरच नव्हता. ‘रेफ्री विकला गेला’ म्हणणाऱ्यांनी आधी ही रचना समजून घ्यावी. राग त्या फेरीत व्हीएआर न ठेवणाऱ्यांवर काढा.

आता तुमचा प्रश्न. गोल झाला की नाही, चेंडू बाहेर होता की नाही, ही घटना आहे आणि घटनेवर रेफ्रीचा शब्द शेवटचा. तो स्वतः मत बदलू शकतो, पण पुढची किकऑफ होईपर्यंतच. खेळ पुन्हा सुरू झाला की दार बंद. म्हणून अशा वेळी एकट्या कप्तानानं जाऊन एकच वाक्य बोलावं, ‘लाइन्समनला विचारा, चेंडू गोललाइनबाहेर होता का.’ सगळ्यांनी घेराव घातला तर पिवळं कार्ड मिळतं आणि तेवढ्यात किकऑफ होऊन जाते.

सामना रद्द होतो तो नियमच चुकीचा लावला तर. सप्टेंबर २००५, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकिस्ताननं पेनल्टी मारली, गोल झाला, पण त्यांचाच खेळाडू आधी पेटीत घुसला होता. नियमानं पेनल्टी पुन्हा मारायला हवी होती, रेफ्रीनं बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. उझबेकिस्ताननं १-० जिंकलेला तो सामना फिफानं रद्द करून पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला, परतीचा ०-० झाला आणि परक्या मैदानावरच्या गोलवर बहारीन पुढं गेलं. तक्रार उझबेकिस्ताननंच केली होती.

म्हणून अर्जात ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं लिहू नका. कितव्या मिनिटाला काय घडलं, रेफ्रीनं खेळ कसा सुरू केला आणि नियमानं तो कसा सुरू व्हायला हवा होता, एवढंच लिहा. मुदत आणि फी स्पर्धेच्या नियमावलीत असते, ती हंगामाआधीच वाचून ठेवा. आणि संघ मैदानाबाहेर काढू नका. ३ मार्च २०२३ला बेंगळुरूत तिथल्या संघाच्या छेत्रीनं झटपट मारलेल्या फ्री किकवरून केरळ ब्लास्टर्स हा क्लब मैदान सोडून बाहेर पडला. क्लबला ४ कोटींचा दंड, प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी, निकाल तसाच.

आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर व्हीएआर नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, इथल्या कुठल्याही संघाचा सामना असो, दोन्ही गोललाइनवर एकेक जादा पंच उभा करावा असं माझं ठाम मत आहे. नियमांत त्याची सोय आहे. अर्थात २०१२च्या युरो स्पर्धेत युक्रेनचा इंग्लंडविरुद्धचा गोल असा जादा पंच काही पावलांवर उभा असूनही सुटला, हेही खरंच. तरी ३८ मीटरवरून पळत येणाऱ्यापेक्षा रेषेवर उभ्या माणसाला चेंडू जास्त वेळा दिसेल.