सरकी खाणाऱ्या जनावरांचं तूप परदेशी प्रयोगशाळेत का अडतं?

प्रश्न : नागपूरजवळच्या आमच्या डेअरीचं तूप दुबईला पाठवायचं आहे. काय लागेल?

उत्तर : आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, अपेडा या शेतमाल निर्यात प्राधिकरणाकडे नोंदणी आणि निर्यात निरीक्षण यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र. तूप सीमाशुल्काच्या यादीत ०४०५ या शीर्षकाखाली जातं. कागद जमतात हो, खरी अडचण प्रयोगशाळेत! आपल्याकडे जनावरांना सरकी (कापसाचं बी) भरपूर; त्यामुळे तुपाचा आरएम अंक (बाष्पशील मेदाम्लांचं प्रमाण) उतरतो, बीआर अंक (तुपातून प्रकाश किती वळतो त्याचं माप) चढतो, सरकी तेल ओळखणारी हाल्फेन चाचणीही होकारार्थी येऊ शकते. शुद्ध तुपावर भेसळीचा संशय येतो. म्हणून या अंकांच्या मर्यादा करारातच लिहून घ्या, प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना जपा. ओलावा ०.५ टक्क्याच्या आत ठेवा. त्याहून जास्त असेल तर तापलेल्या कंटेनरमध्ये तूप लवकर खवट होतं.