लाथ बसते तेव्हा नेमके काय होते?

प्रश्न : ‘ओंग बाक’ या थाई चित्रपटाची जाहिरात ‘तारा नाहीत, संगणकाची करामत नाही, डुप्लिकेट नाही’ अशी झाली होती (तारा म्हणजे नटाला हवेत उचलून धरणाऱ्या). मग त्यातले लोक एकमेकांना खरोखरच मारतात काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जाहिरात नीट वाचली, तर तिच्यातला दावा नायकाच्या उड्यांविषयी आणि त्याच्या शरीराविषयी आहे, समोरच्याला पूर्ण ताकदीने मारले, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. प्राच्या पिंकेव यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००३ साली आला. त्यातल्या मारामारीची आखणी पन्ना रित्तिक्राय यांची होती आणि नायक होता त्यांच्याच तालमीत तयार झालेला टोनी जा. बाजारातल्या पाठलागात तो काटेरी तारेच्या कड्यातून आरपार उडी घेतो, पाय फाकवून चालत्या गाडीखालून घसरत जातो, माणसांच्या खांद्यांवर पाय देत पळतो आणि पुढे एका मारामारीत पेटत्या पायांनी लाथा घालतो. हे सगळे त्याने स्वतः केले आहे, आणि जाहिरातीने छातीठोकपणे सांगितले ते एवढेच.

माराचे गणित वेगळे असते. कोपर किंवा गुडघा समोरच्याच्या अंगाला लागतो, यात शंका नाही. पण तो कोठे, किती जोराने आणि कोणत्या बाजूने लागायचा, हे आधी ठरवून शेकडो वेळा घोटलेले असते. मारणारा गुडघ्याचे टोक न लावता मांडीचा सपाट भाग टेकवतो आणि शेवटच्या क्षणी जोर आवरतो. ज्याला मार बसायचा तो छाती आणि पोट घट्ट करतो, फटक्याच्या दिशेनेच अंग सोडतो, आणि कपड्यांखाली जाड पट्टी बांधण्याची पद्धत तर जगभरच्या स्टंटवाल्यांमध्ये आहे. तरीही ‘लागले’ म्हणजे लागतेच. जोर निम्मा केला, म्हणून ऐंशी किलोच्या माणसाची उडती लाथ गुदगुल्या करीत नाही. हाँगकाँगच्या अनेक चित्रपटांत फटका वीतभर दूरून जातो आणि कॅमेऱ्याचा कोन ते अंतर लपवतो. थाई मंडळींनी ते अंतरच बरेचसे काढून टाकले, आणि प्रेक्षकाला जी हबकी बसते ती त्यामुळे.

‘ओंग बाक’मध्ये एक खोड आहे. मोठी उडी किंवा जबर फटका झाला, की तेच दृश्य दुसऱ्या आणि कधी तिसऱ्या कोनातून पुन्हा दाखवतात. कथेच्या दृष्टीने ही उघड अडचण आहे, कारण गोष्ट तेवढा वेळ जागच्या जागी थांबते. तरी मला ती पटते. जे तीन बाजूंनी दाखवता येते, त्यात कॅमेऱ्याच्या कोनाची लबाडी करायला फारशी जागा उरत नाही.

प्रश्न : ‘तोम यम कुंग’मधला जिन्यावरचा प्रसंग एका दमात घेतला आहे, असे मित्र सांगतो. त्यात छुपी जोडणी नसेल कशावरून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्राचे म्हणणे बरोबर आहे. २००५ सालच्या या चित्रपटात टोनी जा उपाहारगृहाचा गोल जिना मजल्यामागून मजले चढत जातो, वाटेत येईल त्याला लोळवतो, काहींना कठड्यावरून खाली फेकतो, आणि कॅमेरा सुमारे चार मिनिटे न तुटता त्याच्या मागे चालत राहतो. चार मिनिटांचा हा आकडा योगायोगाने आलेला नाही. तेव्हा चित्रण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर होत असे. कॅमेरामनने अंगावर बांधून चालवायच्या कॅमेऱ्याला ४०० फुटांची हलकी डबी लावतात, आणि सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने ती जेमतेम साडेचार मिनिटांत संपते. म्हणजे नायकाचा दम, कॅमेरामनचे पाय आणि डबीतली फिल्म, तिन्ही एकाच वेळी संपत येतात. मधल्या मजल्यावर एखादी फुलदाणी वेळेवर फुटली नाही, तर सगळे सामान पुन्हा मांडून तळमजल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा वरच्या मजल्यांवरचे फटके जरूर निरखावेत. ते खालच्या मजल्यावरच्या फटक्यांपेक्षा जड आणि संथ आहेत, आणि नायकाची धाप लपत नाही. छुपी जोडणी असती तर विश्रांती घेऊन आलेला ताजातवाना नायक दिसला असता. या चित्रपटातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच थकवा आहे.

प्रश्न : नायकच सगळे करतो, तर मग स्टंटवाल्यांचे काम काय? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : पडणे, आणि माझ्या मते मोठे काम तेच आहे. उडी मारणारा आपल्या वेळेने, आपल्या तोलाने उडतो. पडणाऱ्याला दुसऱ्याच्या वेळेने पडायचे असते. ‘ओंग बाक’च्या सुरुवातीलाच गावातले तरुण एका प्रचंड झाडाच्या शेंड्यावरचे कापड पळवण्यासाठी झोंबाझोंबी करतात आणि एकेक जण फांद्यांवर आपटत खाली मातीत येतो. नायकाचा पराक्रम अजून सुरूही झालेला नसतो, आणि तरी चित्रपटाचा कस तेथेच ठरून जातो.

ही माणसे घडवली पन्ना रित्तिक्राय यांनी. थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागात, खोन केन येथे, त्यांनी आपली स्टंट मंडळी जमवली आणि तुटपुंज्या पैशांत मारधाडपट काढले. गावोगावी उघड्यावर पडदा लावून दाखवल्या जाणाऱ्या या चित्रपटांना बँकॉकचे समीक्षक फारसे विचारत नसत. इसानमधल्याच सुरिन प्रांतातला, हत्ती पाळणाऱ्या घरातला टोनी जा किशोरवयात त्यांच्याकडे शिकायला आला तो हेच चित्रपट पाहून. त्यांच्या एका जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती २००४ साली निघाली, तेव्हा त्यांनी जिम्नॅस्ट, फुटबॉलपटू आणि पायाने चेंडू खेळणारे तक्रोचे खेळाडू पडद्यावर आणले, आणि प्रत्येकाने आपापल्या खेळातल्या चालींनीच शत्रूला झोडपले.

२००८ सालच्या ‘चॉकलेट’मध्ये नायिका आहे, तायक्वांदो शिकलेली जीजा यानिन. शेवटची मारामारी इमारतीच्या बाहेरच्या अरुंद कडांवर होते आणि माणसे मजल्यामजल्यांवरून पाट्यांना धडकत रस्त्यावर येतात. त्यानंतर श्रेयनामावली सुरू होते आणि तिच्याबरोबर चित्रीकरणातल्या दुखापती दाखवल्या जातात. जखमा, पट्ट्या, उचलून नेलेली माणसे. हे पाहून माझी करमणूक होत नाही. जॅकी चॅनने ही प्रथा रुळवली हे मान्य, पण त्याच्या चित्रपटांत निदान थोडे हसूही असते. येथे मात्र माणसाचे दुखणे जाहिरातीसारखे मांडले आहे, असे वाटत राहते.

प्रश्न : रिंगणातले मुए थाई, म्हणजे थायलंडचा लाथाबुक्क्यांचा लढतीचा खेळ, असेच असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. बँकॉकच्या राजदमनर्न किंवा लुम्पिनी स्टेडियममधली लढत तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते, आणि तीत धडावरच्या लाथा, गळामिठीतले गुडघे आणि ताकद राखून ठेवण्याचे शहाणपण यांना मोल असते. चित्रपटातल्या चाली हातमोजे येण्यापूर्वीच्या, मुए बोरान या जुन्या लढाऊ परंपरेतून घेतल्या आहेत आणि त्यांत जिम्नॅस्टिक्सच्या कोलांट्या मिसळल्या आहेत.

प्रश्न : मग असे चित्रपट आता थायलंडमधून का येत नाहीत? (एक वाचक, पणजी)

उत्तर : येतात, पण ती लाट ओसरली हे खरे. कारणे माणसांतच आहेत. ‘ओंग बाक’च्या दुसऱ्या भागाचे काम रखडले, टोनी जा मध्येच चित्रीकरण सोडून निघून गेला आणि गुरू पन्ना यांना दिग्दर्शनात हात घालून चित्रपट पुरा करावा लागला. २०१० साली टोनी जा भिक्षू झाला. पुढे परतला, तो हाँगकाँग आणि हॉलिवूडच्या चित्रपटांकडे वळला. पन्ना २०१४ च्या जुलैमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले. एक माणूस आपल्या अंगणात वर्षानुवर्षे पोरे तयार करतो, तेव्हा कोठे अशी एक फळी उभी राहते; पैसा घातला म्हणून ती पुढच्या वर्षी मिळत नाही. दरम्यान २०११ साली इंडोनेशियातून ‘द रेड’ आला, आणि पेंचाक सिलाट या तिथल्या युद्धकलेच्या जोरावर त्याने थाई चित्रपटांचा प्रेक्षक आपल्याकडे ओढून नेला.