व्हीआर (डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा) हेडसेट लावून माजी सैनिकांच्या पीटीएसडीवर, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासावर, उपचार करतात म्हणे. युद्ध पुन्हा दाखवलं तर त्रास उलट वाढणार नाही का?

सुरुवातीला थोडा वाढतो, पण तो थेरपिस्टच्या हातात असतो. मुळात ही जुनीच एक्स्पोजर थेरपी: ज्या आठवणीपासून माणूस पळतो, ती सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सांगायची, म्हणजे भीती हळूहळू ओसरते. व्हीआर त्या आठवणीला फक्त दृश्य आणि आवाज पुरवतं.

अमेरिकेत १९९०च्या दशकात अटलांटात व्हिएतनाम युद्धात लढलेल्या माजी सैनिकांवर हा प्रयोग झाला. पुढे कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ स्किप रिझो यांच्या गटाने इराक-अफगाणिस्तानातल्या युद्धांत लढलेल्या सैनिकांसाठी 'ब्रेव्हमाइंड' हा व्हीआर कार्यक्रम बनवला. सैनिक आभासी हम्वीत (लष्करी गाडीत) बसून वाळवंटातल्या रस्त्याने जातो, स्वतःची घटना वर्तमानकाळात सांगतो. थेरपिस्ट कीबोर्डवरून हेलिकॉप्टर, गोळीबार, स्फोट त्याच्या सांगण्याप्रमाणे आणतो, झेपेल तेवढाच. पायाखालचा प्लॅटफॉर्म थरथरतो, डिझेल किंवा जळक्या रबराचा वासही सोडता येतो. (वासाने आठवण किती पटकन जागी होते, हे वेगळं सांगायला नको.)

आता खरी गोम. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सैनिकांवरच्या चाचणीत व्हीआरने फरक पडला, पण हेडसेटशिवायच्या एक्स्पोजर थेरपीपेक्षा ते सरस ठरलं नाही. म्हणून माझ्या मते आधी चांगला थेरपिस्ट शोधा. ज्याला डोळे मिटून प्रसंग आठवताच येत नाही, त्याच्यासाठी हेडसेट कामाचा. घरी एकट्याने युद्धाचे गेम खेळून हे करायला मात्र जाऊ नका.